सरपंचबाईंची कोनशिला

साळुबाई पाच वर्षं सरपंच होत्या. त्यालाही आता आठ वर्षं उलटली होती, आणि त्या मुलाकडे भोसरीला राहायला गेल्यापासून गावातल्या नव्या सुना त्यांना ओळखतही नव्हत्या. मंचरच्या एसटी स्टँडवर, त्यांच्याच बाकावर दोन तरण्या बाया बोलत बसल्या होत्या. एकीनं साळुबाईंच्या गावाचं नाव घेतलं, तसे त्यांचे कान टवकारले.

“तुमच्याकडं नळ आलाय ना गं?”

“कशाचा नळ! टाकी हाये नुसती. उद्घाटनाच्या दिशी टँकरनं भरली व्हती म्हणं, तेवढीच. धुणं अजून कालव्यावर.”

“अगं बाई! तिथं तर लई पाय घसरतो.”

“आता न्हाई घसरत. सासऱ्यांनी टाकीची कोनशिला उपटून आणून टाकलीया तिथं. चांगला रुंद दगड हाये.”

“कुणाचं नाव असंल की त्याच्यावर.”

“हाये ना, कुणी बाई सरपंच व्हती. सासूबाई म्हणत्यात, पाच वर्षांत तिनं एवढंच कामाचं केलं.”

त्या टाकीसाठी साळुबाईंनी पुण्याला जिल्हा परिषदेत अकरा हेलपाटे घातले होते. त्यांनी पदर पुढे ओढला.

“पोरी, तो दगड पालथा घाला की. पाठ खरबरीत असती, मळ निघतो.”

“आधी पाठच वापरत व्हतो, मावशी. ती झिजून गुळगुळीत झाली, म्हणून औंदा उलटा केला. नावाची अक्षरं खोल कोरल्याली हायेत ना, मळ लई झकास निघतो.”