तिसऱ्या ब्रॅकेटवरचा शिक्का

हात लावून बघा ना, साहेब, संकोच कसला — उड्डाणाची परवानगी द्यायला आलेला माणूस हात मागे बांधून उभा राहिला की आम्हालाच अवघडल्यासारखं होतं. टिचकी मारा. कसं वाजतं बघा, ढोलासारखं. पंखांचं सगळं कापड मामीने शिवलंय, माझ्या मामीने — विमानाचा विषय काढला तरी तिच्या कपाळाला आठ्या पडतात, पण टाके बघा, एकासारखा एक. आत्ता ती बाहेर गाडीत बसलीय, काचा वर करून. म्हणाली, मामा उडून खाली उतरला की मला सांगा, मग येते. आणि तो स्टुलावर उभा राहून पुढची काच पुसतोय ना, तो माझा मामा. काच केव्हाच स्वच्छ झालीय. हे तिसऱ्यांदा चाललंय.

मी? मी परदेशात होते हो, सात वर्षं. शिकले, मग तिकडेच नोकरी — एका पंखाच्या एका कडेवरच्या एका स्क्रूवर किती ताण येतो ते मोजायचं, दिवसभर, संगणकावर. तो पंख मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. सुट्टीत आले, तर मामा म्हणाला, चल, तुला एक म्हातारी दाखवतो. तंत्रशाळेच्या मागच्या आवारात हे उभं होतं, चाकं मातीत रुतलेली, पोरांनी पत्र्यावर नावं कोरलेली, इंजिनातून एक झाड वर आलेलं — आणि मामा त्याच्या नाकावर हात ठेवून उभा. ह्याच जातीच्या विमानावर तो एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा एकटा उडाला होता. मी तिकडे राजीनामा पाठवला तो त्याच आठवड्यात. घरच्यांनी वेड्यात काढलं. संग्रहालयवाले पण मागत होते बरं का, दोरीमागे उभं करून खाली पाटी लावायला. मी म्हटलं, नाही. उडायला केलेली वस्तू उडालीच पाहिजे, नाहीतर आपण तिचं फक्त कातडं जपतो — हसताय ना? हसा. मामा मला भाषणबाई म्हणतो.

चार वर्षं लागली. दातांचे एक डॉक्टर दर रविवारी येतात, पत्र्यातली जुनी रिव्हेट दाढ काढावी तशी काढतात, वर रिव्हेटला सांगतात, जरा दुखेल हं. घड्याळवाले एक काका आहेत, त्यांनी सगळी डायलं उघडून चालू केली. पण शोध माझा. कुठला नट कुठल्या कारखान्यातला, कुठल्या वर्षीचा, हे सगळं मी काढलं. नवा भाग बनवून लावणं सोपं असतं हो, कोणीही करेल. जुना शोधायचा, तोच टिकवायचा, जमेल तेवढा तोच — ह्यातच तर सगळं आलं.

ही फाईल. फोटो क्रमाने आहेत. हे शेपटीचं काम. नाक वर-खाली करणारी ही जी फळी, ती ह्या चार ब्रॅकेटांवर झुलते — तुम्हाला काय सांगायचं म्हणा. एक, दोन, आणि हे तिसरं, हे नीट बघा. हिरव्या रंगावर काळा गोल दिसतो? आत एकसष्ट आकडा. तपासनिसाचा शिक्का, दुसऱ्या महायुद्धातला. ऐंशी वर्षं तग धरून आहे. तो कोणाचा ते शोधायला मी अकरा पत्रं लिहिली, अकरा. शेवटी कारखान्याच्या हजेरीपटाची नक्कल मिळाली. एकसष्ट नंबर म्हणजे वीस वर्षांची एक मुलगी. त्याआधी शिंप्याकडे काजं करायची. तिने हे ब्रॅकेट हातात धरलं, उजेडाकडे फिरवून बघितलं, आणि ठप्प, ठीक आहे म्हणून सांगितलं. मला तर ती मैत्रीणच वाटायला लागली. मी हे सगळ्यांना सांगते, मामी म्हणते आता पुरे तुझी ती एकसष्ट.

चाचणी? हो, झाली ना. चारही. रंग खरवडून धातू उघडा केला, लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर — कुठे भेग असली तर लाल रेघ उमटते. उमटली नाही. वहीत आहे, पान चौतीस, माझंच अक्षर. "चारही ब्रॅकेट, पूर्ण, निर्दोष."

तो फोटो बसवल्यानंतरचा आहे. हो, तिसरंच. काय बघताय एवढं?

तो हिरवट चौकोन? ती सावली आहे.

नाही, म्हणजे — सावली नाहीये. जुनाच रंग आहे तो. शिक्क्याभोवती मी चिकटपट्टी लावली होती. दोन बोटांएवढा चौकोन हो, बस. बाकी सगळं उघडं केलं होतं, मागून, कडेने, भोकांच्या आतून — पण रंग काढला असता तर शिक्का गेला असता, आणि एकदा गेला की तो काही परत आणता येत नाही. भिंग लावून बघितलं मी. अर्धा तास. रंगाला तडा नाही, म्हणजे खालच्या धातूलाही — हो, कळतं मला. रंग लवचीक असतो. खाली भेग असली तरी वर दिसतेच असं नाही. हे मी शिकलेय, साहेब, परीक्षेत लिहिलंय, मार्क पडलेत.

हो. बरोब्बर वाकणावर आहे तो. भेग पडायची झाली तर तिथूनच पडेल, आणि ब्रॅकेट हवेत तुटलं की विमानाचं नाक हाती राहत नाही. ती बिचारी शिक्का मारणार तरी कुठे, मोकळी जागा तेवढीच होती.

"पूर्ण" हा शब्द का लिहिला म्हणता — रकाना एवढासा होता. नाही, तसंही नाही. मी लिहिलं कारण पुढे मामाची सही लागत होती. मी वही पुढे केली तर त्याने वाचलं पण नाही. म्हणाला, तुझं अक्षर आहे ना, मग झालं. आणि सही केली. तेव्हाच सांगायचं होतं. मग कापड चढलं, मग तारा ताणल्या, मग इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि दातांचे डॉक्टर रडले — सांगायला जागाच उरली नाही.

आता काढायचं म्हणजे शेपूट उतरवा, फळी सोडवा, परत बसवा, परत सगळं जुळवा, परत तुम्हाला बोलवा. तीन आठवडे, आम्ही झोपलो नाही तरी. आणि मामाचा वैद्यकीय दाखला गुरुवारी संपतोय. पुढचा मिळणार नाही. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, ह्या हृदयावर मी पुन्हा सही करणार नाही. परवाना गेला म्हणजे गेला. दुसरा कोणीतरी उडवेल, हो, उडवेल की, आणि मामा खालून बघेल. चार वर्षं त्याने हाताला ग्रीस लावलं ते खालून बघायला नाही. म्हणून म्हणते, बहुतेक काही नसेलच तिथे. ऐंशी वर्षं टिकलंय. वीसच मिनिटं, साहेब, मैदानावरून दोन चकरा, काही कसरती नाहीत —

ओरडा तरी.

कागद माझ्याकडे का फिरवलात?

वाचलं मी. "तपासणी मी स्वतः केली आहे." खाली नाव, सही. पेन आहे माझ्याकडे, राहू द्या तुमचं. एक सही, त्यात काय. सही केली की तुम्ही पण कराल ना? तुम्ही कराल, मला दिसतंय. तुम्ही काही पाहिलंच नाही असं समजाल, मामासाठी, आणि मग रात्रंदिवस —

तो आत बसला. पट्टे बांधतोय. बघा, अंगठा दाखवतोय. माझ्याकडे. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे.

सही नको. घ्या तो कागद. घ्या म्हणते ना. तुम्ही ह्या बाजूच्या दाराने निघा, लगेच, त्याला दिसू नका — नाहीतर त्याला आयुष्यभर वाटेल की तुम्ही आडवे आलात, आणि मी त्याला तसं वाटू देईन, मी ओळखते मला. माझ्या तोंडून ऐकू दे त्याला. काय सांगायचं ते मला माहीत नाही, सुचवू नका. जा, साहेब.