त्र्यंबकरावांनी क्रँक काढली, त्याची गोष्ट

मंडळी, पायडल फिरतं ना, तेव्हा दर फेरीला एकदाच, उजवा पाय खाली जाताना – टक्! वाटाण्याची शेंग फुटावी एवढाच आवाज. आता सांगा – दोष सायकलचा की स्वाराचा? हसू नका! भलेभले ज्ञानी इथे अडलेत!

सावंतवाडीचे त्र्यंबकराव. रोज पहाटे धुक्यातून सायकलवर तळ्याला फेरी. वाटायचं, आपण रस्त्यावर नाहीच – पाण्यावरून तरंगतोय! डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या. लांबवलंत तर सायकल कायमची सुटेल." त्र्यंबकराव म्हणाले, "बघू." संक्रांत गेली – बघू! शिमगा गेला – बघू! "आवाज सायकलचा आहे हो!"

एका दुपारी बसले ओटीवर, क्रँक काढायला. क्रँक म्हणजे पायडलचा दांडा. तो आसावर घट्ट धरायला एक खिळा असतो – कॉटर. तो झिजला की दांडा टक्टक् करतो. रावांनी नट सैल केला, रॉकेल सोडलं, हातोडा हाणला – धाड्! सायकल उडाली, कॉटर जागच्या जागी!

आतून त्यांच्या पत्नी इंदिराबाई आल्या. "अहो, खाली आधार कुठाय? सगळा घाव टायर गिळताहेत."

"मग काय तुझ्या डोक्यावर ठेवू?"

"माझं नको, खलबत्त्याचा खल घ्या. काठावर दांडा टेकेल, कॉटर खळग्यात पडेल."

पाटावर पाट, वर खल. बाईंनी सायकल धरली. एकच घाव – आणि कॉटर खलात!

रावांनी तो उन्हात धरला. गुळगुळीत! कुठे खाच नाही, झीज नाही.

"डावीकडचा असेल. प्रतिध्वनी येत असेल!"

डावाही काढला. तोही तसाच.

मंडळी, काय दुपार होती ती! उन्हात धूळ तरंगतेय, रॉकेलचा वास, चाकाची सावली भिंतीवर हळूहळू थांबतेय... दोन्ही दांडे जमिनीवर निजलेले. त्र्यंबकराव उठायला गेले. आणि त्या शांततेत – टक्!

बाई हसल्या नाहीत. नुसता हात पुढे केला.

तुम्ही मात्र हसलात! बरं, आता स्वतःला विचारा – घरात भांडण झालं, की सुनेचा कॉटर तपासता, शेजाऱ्याचा तपासता. आपला कधी उन्हात धरलाय? भीती वाटते ना? त्र्यंबकरावांनाही वाटत होती. म्हणून आधी आधार लागतो, मग घाव सोसतो.

तो हात धरून त्र्यंबकराव उभे राहिले. बराच वेळ बाहेर बघत होते, जणू ओटीपर्यंत तळं आलंय.

"दादा ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच नाही गं," ते हळूच म्हणाले. "तेच दिसतं मला."

"ठाऊक आहे मला."

"तू दाराशी बसशील?"

"दुसरं कुठे बसू?"

त्यांनी श्वास घेतला. "डॉक्टरांना सांग – मी ऑपरेशन करून घेतो."