जटेला ऊन दाखवलं

माझं माहेर गोदाकाठचं अन् सासर निफाडच्या अंगाचं, द्राक्षाच्या मांडवाखालीच जलम गेला म्हना ना, ताई. मांडवाखाली दुपारचा हिरवा हिरवा उजेड पडतो, तुमी पाहिला का कधी, पान्यात डोळे उघडल्यावानी दिसतं समदं. मी लहानपनापासून तशीच, हात कामात अन् जीव कुठंतरी भलतीकडंच, आई म्हनायची ही पोरगी जागेपनी झोपती. केस मात्र लय माझे, आई विंचरता विंचरता थकायची. ती लवकर गेली बिचारी.

थोरल्याच्या बाळंतपनात मला मोठा ताप आला, कैक दिवस डोक्याला फनी नाय, पानी नाय, उठून बसले तवा मानेवर केसांचा गुंता झालेला मुठीएवढा. फनी आत शिरंना. सासूबाईंनी माझ्या हातातून फनी काढून घेतली, म्हनल्या राहू दे, देवी आली, आता हिला फनी लावायची नाय. झालं, तवापासून मी जटवाली. कोनी पाया पडायचं, कोनी लांब सरकून बसायचं.

सासूबाई तशा लय कडक, ताई. माझ्याशी कधी दोन शब्द गोड बोलल्या असतील तर शपथ. पन दर शुक्रवारी मला पुढ्यात बसवायच्या. आधी गरम पान्यानं जट भिजवायची, मग वाटीभर खोबरेल, त्यात हळद, कुंकू, भंडारा, समदं बोटांनी आत आत जिरवायचं, अन् बारीक केस वर उठले की वडाचा चीक लावून चिकटवायचे. मग ओलीच जट डोक्यावर गच्च आवळून बांधायची, वरून फडकं. सुकवायची नाय, उघडी ठेवायची नाय, दृष्ट लागती म्हनायच्या. पन काय सांगू तुमाला, तेवढ्या येळाला त्यांची बोटं अशी मऊ व्हायची, अशी मऊ, की मी डोळे मिटून घ्यायची अन् मला वाटायचं मागं आईच बसलीये. मी शुक्रवारची वाट पाहायची, खरं सांगते.

जट वाढत गेली, गुडघ्यापावेतो आली, चार लटांची झाली. मान दुखायची, टाळूला फोड यायचे, त्यातून पानी गळायचं. मजुरीच्या गाडीत बाया नाकाला पदर लावायच्या, मला वाटायचं देवीचा वास हाय, यांना कळत नाय. दुपारी मांडवाखाली आडवी झाले की सपान पडायचं, माझी जट मातीत चाललीये, खाली खाली, मुळं फुटलीत तिला, अन् मी वेलीवानी तिथंच उभी. भ्या नाय वाटायचं. उलट गार वाटायचं, उठूच नाय वाटायचं.

गेल्या छाटनीला मी मांडवाखालून वाकून निघाले अन् मागनं एक बाई ओरडली. वळून पाहते तर माझी कानामागची लट तारेला लटकलेली. मला कायच कळलं नाय, दुखलं नाय, काय नाय. तारेवर नुसती हालत व्हती.

सासूबाईंनी हाय खाल्ली. डोळ्यांनी त्यांना आता दिसत नाय फारसं, ती लट मांडीवर घेऊन बसल्या, म्हनल्या देवी निघाली, घरातलं कोनीतरी घेऊन जाईल. जेवन सोडलं. अन् रोज तेल सुरू केलं, रोज, देवी राहावी म्हनून. तर दुसरी लट बी मुळाशी दोऱ्याएवढी झाली. आता मला भ्या वाटाया लागलं. जट गेली तर ही म्हातारी जगायची नाय, अन् तिची बोटं मला परत कुठं मिळायची?

माझ्या बहिनीची पोरगी रूपाली नाशकात द्वारका चौकाजवळ पार्लरात काम करती. ती म्हनली, मावशी, एकदा चल माझ्यासंगं, ती गळालेली लट बी घे. तिथं पाहते तर काय, खुर्चीत एक कॉलेजची पोरगी, डोकंभर जटा, हौसेनं करून घेतलेल्या! मला हसूच फुटलं, म्हनलं बाई, आमाला देवी देती अन् तुमी मागून घेता. पन तिचं कपाळ उघडं पडलेलं, वर घट्ट बांधून बांधून केस मुळातून निघालेले, अन् जटा चिकटून राहाव्यात म्हनून घरी मेन चोळचोळ चोळलेलं. रूपाली म्हनली, हे मेन धुऊन निघत नाय मावशी, धूळ धरून आत बसतं. अन् तुझ्या तेलाचं बी तसंच.

मग मला विचारून तिनं ती गळालेली लट कात्रीनं उभी चिरली. आत काळपट हळदीचा गाळ, अन् त्यावर पांढरी भुरी. भुरीच, ताई, द्राक्षावर बुरशी येती तशी. मी पाहतच राहिले. मांडव दाट झाला, वारा फिरंना, ओल राहिली की भुरी धरती, आमच्यात शेंबडं पोर बी सांगंल. पानं विरळ करीत माझी हयात गेली, अन् डोक्यावर मी काय बांधून फिरत व्हते?

रूपाली म्हनली कापू का? मी म्हनलं नाय, यात सासूबाईंचे समदे शुक्रवार हायेत. तिनं वाद घातला नाय. म्हनली, मग धुवावी लागंल, सुकवावी लागंल, देवीला ओलं डोकं आवडतं असं कोनी सांगितलं तुला? आधी डॉक्टरकडं नेलं, औषधानं फोड बरे झाले. मग पातळ शांपू लावून धुतली, पिळली, परत धुतली, पिवळं पानी, परत पिवळं पानी, संपंचना. मी खुर्चीत मान मागं टाकून पडले अन् झोप लागली. सपनात मी नदीत पाठीवर तरंगत व्हते अन् आई काठावरून म्हनत व्हती, ये आता, ऊन हाय.

शुक्रवार आला. सासूबाई वाटी घेऊन बसल्या. मी मोकळी कोरडी जट घेऊन पुढ्यात बसले. त्यांचा हात लागला अन् थांबला. जट उचलून पाहिली, नाकाशी नेली. म्हनल्या, हलकी झाली गं. देवी गेली का?

मी म्हनलं, नाय गेली. ऊन दाखवलं तिला.

त्यांनी लट परत माझ्या पाठीवर सोडली. मग हळूच म्हनल्या, मग मी आता काय करू? हातातली वाटी तशीच. मला रडू आलं, ताई. म्हनलं, वाटी ठेवा खाली, बोटं राहू द्या.

आता धुनं माझं अन् सुकवनं त्यांचं. सकाळीच ओट्यावर ऊन येतं, त्या सुती फडक्यात एकेक लट दाबून पानी काढतात, मोकळी करून उन्हात धरतात. तेल बोटाला लागंल एवढंच, ते बी टाळूला. घरातलं कोनी गेलं नाय, पन त्या अजून विचारतात, देवी हाय ना गं? मी म्हनते हाय. तुमच्या बी मागं असं कोनीतरी बसू दे, ताई.

त्या बघा, सुकवता सुकवता झोपल्यात, लट मुठीतच हाय. मी काय लगेच उठत नाय. चहा तुमीच ठेवा चुलीवर, साखर त्या डब्यात हाय.