गोलकीपरनं मारलेली पेनल्टी

परतवाड्याच्या एसटीत पुढच्या बाकावर दोन अनोळखी गडी पार्बताबाईंच्याच लेकाची गोष्ट रंगवत होते, अन् बाईंचे कान त्या बाकाला जाऊन चिकटले होते.

"काल अकोल्यात फायनल हरला असता, तं नितेशची मॅनेजरकी गेलीच होती."

"मंग?"

"शेवटची पेनल्टी उरली. मारायले त्यानं कोन पाठवला? आपला गोलकीपर!"

"काहून बे?"

"नितेश सोता जिंदगीभर गोलात उभा राहिला ना! समोरचा कोनीकडं उडी घेईन, हे गोलकीपरलेच समजते म्हने. अन् पोरानं असा हाणला, का जाळी फाडून बॉल तीस किलोमीटरवर पातूरले पडला! कप अमरावतीले!"

"लय फेकून राहिला तू!"

"न्हाई तं काय!" पार्बताबाई मागून कडाडल्या. "पातूरले कसा पडंन? परतवाड्यात आमच्या आंगनात आला. मी नितेशची माय. म्याच झेलला."