ताईच्या नकाशावरचं आमचं घर

माझ्या ताईच्या निवृत्तीच्या या हृद्य सोहळ्याच्या अध्यक्षस्थानी असलेल्या संचालक महोदया. व्यासपीठावर विराजमान झालेले बंदराचे कप्तानसाहेब, मच्छीमार संघाच्या सगळ्यांच्या लाडक्या मावशी, पवनचक्क्यांच्या कंपनीचे इंजिनिअरसाहेब. समोर बसलेले माझ्या बहिणीचे सहकारी. आमच्या वस्तीतली जीवाभावाची माणसं. आणि पहिल्या रांगेत, पंख्याखाली, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले माझे वडील, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

कुटुंबाच्या वतीने दोन शब्द बोला, असा मला हुकूम झाला आहे. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. बिघडलेल्या इंजिनाशी मी तासन्‌तास बोलतो, पण समोरून कधी टाळ्या पडत नाहीत, तेव्हा भाषणाची सवय म्हणाल तर नाहीच. त्यातून आधीच्या वक्त्यांनी ताईच्या कार्याचा असा गौरव केला, की खाली बसून मला शंका यायला लागली, ही तीच का, जी लहानपणी माझ्या वाटणीचा लाडू खाऊन मुंगीवर आळ घ्यायची? तीच आहे. आत्ता हसली बघा.

ताईची नोकरी समुद्राच्या नियोजनाची. समुद्राचं कसलं आलंय नियोजन, असं मीही पूर्वी विचारायचो. एवढं अथांग पाणी, त्याला काय कुंपण घालणार? तेव्हा ताईनं मला विचारलं, "तुझ्या वर्कशॉपमध्ये पान्हे कुठं, तेल कुठं, वेल्डिंग कुठं, हे ठरवलेलं असतं ना?" म्हटलं, असतं. "आणि तेलाच्या डब्याशेजारी कुणी वेल्डिंग करायला बसला तर?" तसंच समुद्राचं. समुद्र वरून मोकळा दिसतो. आत बघाल तर जहाजांचा रस्ता, जाळी टाकायच्या जागा, मासे अंडी घालतात ती उथळ जागा, वाळू काढणारे, तळातून गेलेल्या केबली, आणि आता पवनचक्क्या. सगळ्यांना एकाच ठिकाणी जायचंय, आणि प्रत्येकाला वाटतं, मीच पहिला आलो.

आता हे सोडवायची ताईची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. तिनं नकाशा भिंतीवर टांगला नाही. जाड ताडपत्रीवर छापून घेतला आणि सभागृहाच्या जमिनीवर अंथरला. चपला-बूट बाहेर काढायचे, आणि जो जिथं काम करतो, त्यानं तिथं जाऊन उभं राहायचं. एका जागेवर दोघांचा हक्क असेल, तर दोघांनी तिथंच उभं राहायचं, एकमेकांच्या पायावर पाय न देता. इंजिनिअरसाहेब, तुम्हाला आठवतं? त्या उथळ जागेवर तुम्ही आणि मावशी नाकाला नाक लावून उभे होतात. मावशी म्हणाल्या, "साहेब, तुमच्या मोज्याला भोक आहे." सगळं सभागृह हसलं, तुम्हीही हसलात, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही त्यांना विचारलंत की मासे नेमके कधी अंडी घालतात. पवनचक्क्या पुढं जहाजांच्या रस्त्यापलीकडे सरकल्या. कप्तानसाहेबांनी रस्ता जरासा वाकवला. कुणीच पुरतं जिंकलं नाही, म्हणून सगळे घरी नीट झोपले.

पण एक फजिती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ताई, रागावू नकोस, उद्यापासून तुला वेळच वेळ आहे रागवायला. तो पहिला नकाशा अंथरला, तेव्हा सभागृह पडलं लहान, म्हणून हिनं समुद्र पूर्ण छापला आणि जमीन कापून टाकली. समुद्राचा नकाशा, त्यात जमिनीचं काय काम! सभा सुरू झाली. जहाजवाले उभे राहिले, जाळीवाले उभे राहिले. किनाऱ्यावर राहणारी आमची वस्ती मात्र आपली जागा शोधत फिरत राहिली. शेवटी माझे वडील फरशीवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, समुद्राची सोय झाली. आमचं घर फरशीवर आलंय."

त्या आठवड्यात ताईनं ताडपत्रीला जमिनीचा पट्टा शिवून घेतला. आणि त्या पट्ट्यावर येत्या वर्षांत पाणी कुठवर चढणार, ती निळी रेघ तिनं स्वतः ओढली. इतर कुणाला ओढू दिली नाही. रेघेच्या आत आमची सगळी वस्ती आली. पहिलंच घर आमचं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वडील बोटी बांधणारे सुतार. ते घर त्यांनी स्वतः बांधलं, दारं बोटीच्या फळ्यांची केली. आई त्याच घरात आली आणि त्याच घरातून गेली. आता भरतीला अंगणात पाणी येतं, वादळ असलं तर चुलीपर्यंत. आराखडा असा ठरला, की वस्तीनं वर पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर नव्या घरांत जायचं आणि किनाऱ्याचा पट्टा पाण्यासाठी मोकळा सोडून तिथं खारफुटी लावायची. माझं वर्कशॉप पाण्याजवळच लागतं, म्हणून ते खांबांवर उंच उचललं. जबरदस्ती कुणावर नाही. ज्याचं त्यानं मनानं यायचं.

दुसऱ्या सभेला बाबा आले, चपला काढल्या आणि नकाशावर आपल्या घरावर जाऊन उभे राहिले. ताई ध्वनिक्षेपकावर म्हणाली, "किनाऱ्यावरच्या पहिल्या घराचे मालक, आपलं म्हणणं मांडावं." बाबा म्हणाले, "मॅडम, आमची हरकत आहे." बस्स. एवढंच बोलले आणि उभे राहिले. त्यांचे गुडघे दुखतात हे त्या सभागृहात ताईला आणि मलाच माहीत होतं. थोड्या वेळानं ताई उठली, खुर्ची उचलली, नकाशावर नेऊन आमच्या घरावर ठेवली, आणि परत आपल्या जागी आली. बाबा बसले. सभा त्यांच्या भोवतीनं चालू राहिली.

का असं? कारण तिचा नियम. ऑफिसात घर आणायचं नाही, घरात ऑफिस आणायचं नाही. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये. दर रविवारी ती घरी येते, ओट्यावर बसून बाबांचे केस कापते, हवापाण्यापासून शेजारच्या मांजरापर्यंत सगळ्या गप्पा होतात. घराचा विषय निघत नाही. वस्तीतली सगळी घरं वर गेली. आमचं एकटं राहिलं. लोक म्हणाले, दिव्याखाली अंधार. सगळ्या गावाला हलवलं, सख्ख्या बापाला हलवता आलं नाही. हे तिच्या कानावर गेलं नसेल? गेलं असणारच. पण तिला त्याचं दुःख नव्हतं. तिला भीती होती ती येणाऱ्या वादळांची. वादळाची बातमी आली, की तिचा मला फोन यायचा, "बाबा जेवले का?" एवढंच विचारायची. मी समजून घ्यायचो. वर्कशॉप बंद करून त्यांच्याजवळ झोपायला जायचो.

अध्यक्ष महोदया घड्याळाकडे बघताहेत, आवरतं घेतो. पण आज सकाळची गोष्ट सांगायलाच हवी. मी हे मोकळेपणानं बोलू शकतो, कारण बाबांना यातलं फारसं ऐकू जात नाही. बघा, आपली तारीफ चाललीय समजून मान डोलवताहेत.

सकाळी त्यांच्याकडे जाऊन पाहतो तर बाबा अंघोळ करून तयार. म्हटलं, "बाबा, कार्यक्रम संध्याकाळी आहे."

म्हणाले, "आज तिची नोकरी संपते ना?"

"संपते."

"म्हणजे आता ती मॅडम नाही."

"नाही."

"मग आता तरी विचारील."

मला कळेना. "काय विचारील?"

तेव्हा ते म्हणाले, "अरे, इतकी वर्षं मॅडम सांगताहेत, घर सोडा. मॅडम माझ्या कोण लागतात? तुझी आई गेली ते घर मी मॅडमच्या सांगण्यावरून सोडू? माझी लेक अजून एकदाही म्हणाली नाही, बाबा, चला म्हणून. म्हणाली असती तर त्या दिवशीच उठलो असतो."

मंडळी, मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होतो. एक बटण भलत्याच काजात गेलं. ते अजून तसंच आहे, हवं तर बघून घ्या.

काय म्हणावं या दोघांना? हिला वाटायचं, लेक म्हणून बोलले तर तो दबाव होईल, अन्याय होईल. त्यांना वाटायचं, लेकीला काही बोलायचंच नाहीये. आणि दर रविवारी कात्री चालू. ताई, तू अख्ख्या समुद्रातली भांडणं सोडवलीस. परक्या माणसांना एकमेकांसमोर उभं केलंस. तुझा मला फार अभिमान वाटतो, हे घरात कधी बोललो नाही, म्हणून इथं माइकवर बोलतोय. आपल्या घरातली सगळीच माणसं एका माळेचे मणी.

या कार्यालयानं माझ्या बहिणीला इतकी वर्षं सांभाळलं, तिचा हट्ट सोसला, तिच्यासाठी तुम्ही सगळे बूट काढून ताडपत्रीवर उभे राहिलात, त्याबद्दल आमचं घर आपलं ऋणी आहे. अध्यक्ष महोदयांनी मला हवा तेवढा वेळ दिला, त्यांचे आभार. घरातली गोष्ट चारचौघांत आणली, कुणाच्या मोज्याचा, कुणाच्या बटणाचा उल्लेख झाला. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, तर मेकॅनिक माणूस म्हणून पोटात घाला. आणि एक विनंती. सत्काराचा कार्यक्रम थोडा वेळ थांबवावा.

ताई, ऊठ. पायऱ्या त्या बाजूला आहेत. डोळे पूस आधी, पायरी दिसायची नाही. बाबांच्या उजव्या कानाशी बोल, तो जरा बरा आहे. आम्ही सगळे दुसरीकडे बघतो.

आणि बाबा! तुमच्यासाठी मोठ्यानं सांगतो. ताई येतेय तुमच्याकडे. तिला पुरतं बोलू द्या, आधीच 'हो' म्हणू नका.