नव्या वसाहतीतली शेजारीण

कुंभकोणम् स्टेशनात तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी आणि तिचा भाचा होता.

"मावशी, गावातलं घर विका, आमच्या नव्या वसाहतीत या. रस्ते असे रुंद, की दोन बैलगाड्या शेजारून जातात!"

"जातात कुठं, चंद्रमौली?"

"भातशेताच्या बांधापर्यंत. तिथं रस्ता संपतो."

"अन् तुमच्या घराच्या पाठीमागं राहणारी भवानी?"

"तिची-आमची भिंत एकच. पण तिच्या दाराचा रस्ता वेगळा, तिच्याकडं जायला गावात येऊन परत जावं लागतं. दोन मैल."

"भिंतीवरून हाक मारावी."

"नव्या वसाहतीत शोभत नाही."

"मग नवरात्रात हळदीकुंकवाला कसं बोलावलंत?"

"टपालानं."

"आली?"

"पत्र पोचलं दसऱ्यानंतर. ते राहू द्या, तुम्ही कधी येता?"

"कळवते हो. टपालानं."