यंदाची बोंडं बोचत नाहीत

...आणि वर मलाच म्हणतात, 'राजदीप, तू बोलतो लय!' अहो, बी.एस्सी. झालोय, घरात मायला गाठींचा कॅन्सर, मग समजावून सांगायचं नाही? तुम्हाला सांगतो, मी म्हटलं काय तर, माय, आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनांचे बारीक तंतू असतात, ते गप्प बसत नाहीत, कापूस खरेदीची रांग कशी, मागून गाड्या लागतात, पुढून सुटतात, जास्त लागल्या की रांग लांब, जास्त सुटल्या की आखूड, तसे हे तंतू वाढतात, आखडतात, त्यांच्याच ओढीने एका पेशीच्या दोन होतात, गाठ वाढते. तुझं औषध मागच्या गाड्याच अडवतं. रांग मोडली, गाठ थांबली!

माय म्हणाली, "मंग लाव म्हना बाप्पा सलाईन."

झालं ना काम? पण मी पुढे बोललो... की हे औषध सदाफुलीतून काढतात.

संपलं! राळेगावात आमच्या गल्लीत एका अंगणात सदाफुली उरली असेल तर शपथ. शेजारचे पंजाबराव काका तर काढाच घेऊन हजर, "घे वयनी, दवाखान्यात कायले जातं? कुंपनाले तं हाये." मी तो मोरीत ओतला. विष आहे ते कच्चं, समजावून सांगायचं नाही? काका रुसले, बोलणंच बंद!

इंजेक्शनं संपली, गाठी विरल्या. पण बोटांपर्यंत जाणाऱ्या नसांमध्येही ह्याच रांगा, सगळ्यात लांब, त्याही मोडल्या. बोटं बधिर. डॉक्टर म्हणाले, स्पर्श येईलही परत, नाहीही. आणि आमची माय कोण? कापूस वेचणीला जिच्यापुढे शिवारात कोणी नव्हतं, बोंडाच्या वाळक्या, टोकदार पाकळ्यांकडे न बघता दोन्ही हातांनी... यंदा वेचायला जाऊ नको म्हटलं, तर म्हणे, "घरी बसून तुह्यं भाषन आयकू?"

बियाणंही नवं. दर वर्षी नवं, दर वर्षी अळीच्या घशात, त्यावरही मी दुकानासमोर बोंबललोय!

संध्याकाळी आली ओटीभर कापूस घेऊन. किती महिन्यांनी हसत होती.

"राजदीप, यंदाचं बियानं लय चांगलं निंघालं रे. बोंडं बोचूनच नाही राह्यले."

मी तिची बोटं पाहिली. ओरखडेच ओरखडे, रक्त मातीत सुकून काळं पडलेलं. तिला मातीच वाटली असावी...

तुम्हाला सांगतो, रांग, नसा, सगळं तोंडाशी आलं होतं.

"हो माय," म्हटलं, "चांगलं आहे बियाणं."

कुंपणापलीकडून पंजाबराव काका इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले, "आज पोरगं शायन्यासारखं बोललं."